बारमाही

उन्हाळ्यात काम सोपं असायचं.
दोरीला बांधलेली कोन्याकूची वडी,
कंदाच्या पिठाची, लिबलिबीत, घरोघरी रश्शात शिजते तीच,
अंधारात एखाद्या घामेजल्या मानेवर टेकवायची
आणि मनात म्हणायचं, एक, दोन.
तीन कधी म्हणावंच लागलं नाही.

आता फेब्रुवारी आहे.
आकाशपाळणा बर्फानं जागच्या जागी बसलाय.
समुद्र तेवढा येतो-जातो, त्याला तिकीट नाही.
मानेभोवती मफलर, मफलरवर टोपी,
वडी टेकवायची कुठं?
परवा एक गृहस्थ "माफ करा" म्हणाले
आणि स्वतःच बाजूला सरकले.

इसोगाई साहेबांनी बैठकीत तक्ता लावला.
जुलै, ऑगस्ट : दोन उंच खांब.
पुढे सगळं सपाट, भात कापून नेलेल्या वावरासारखं.
"भीतीला कसला आलाय मोसम?" ते म्हणाले,
"माणूस काय फक्त उन्हाळ्यात घाबरतो?"
बरोबर होतं. म्हणूनच कुणी बोललं नाही.
कोंदो, जो तेरा वर्षं बिनडोक्याचा सामुराई आहे,
त्यानं फक्त विचारलं, हीटर मिळेल का.
(मिळाला. एक. शवागाराच्या खोलीत.
जेवणाच्या सुट्टीत सगळी प्रेतं तिथंच गोळा होतात.)

माझ्या आईचा हिशेब वेगळा होता.
मेलेली माणसं ऑगस्टात येतात, चार दिवस.
काकडीला काड्यांचे पाय लावायचे : घोडा.
लवकर यावं त्यांनी.
वांग्याला पाय लावायचे : बैल.
जाताना रेंगाळत जावं.
पण जावं.
दिवा दाखवायचा, हात जोडायचे, वाटेला लावायचं,
आणि दुसऱ्या दिवशी उरलेला भात खाऊन कामाला लागायचं.
रडणारी माणसंसुद्धा लागायची.

म्हणून मला वाटत होतं, हे चूक आहे.
भूत ठेवून घेणं म्हणजे
पाहुण्याच्या चपला लपवणं.

मग रित्सू.
दर मंगळवारी, शाळेच्या वेळेत,
एकटाच. आठवीतला असेल.
आई बाहेर गाडी चालू ठेवून बसते.
माझ्या कागदी दाराशी आला की थांबतो,
मी हात घालते, कागद फाटतो,
तो ओरडतो, असा ओरडतो
की पलीकडचा कोंदो मान नसूनही वळून बघतो.
बाहेर पडताना चेहरा धुतल्यासारखा.
तिकीट सातशे येन.
शाळेत हात कुठून येईल ते सांगता येत नसेल.
इथे येतं. डावीकडून, खालच्या चौकटीतून.

गेल्या मंगळवारी बोटं आखडली, हात उचलेचना.
तो थांबला. मी श्वास धरून.
मग कागदापलीकडून, हळूच :
"बाई, हात?"
घातला.
त्यानं तळव्यावर काहीतरी गरम ठेवलं,
थंडीत खिशात बाळगतात तसली उबेची पुडी,
माझी मूठ बंद केली,
आणि दोन पावलं मागे जाऊन
नियमाप्रमाणे ओरडला.

साहेबांचा कागद आलाय : बारमाही ठेवावे का? होय, नाही.
कारणासाठी दोन ओळी मोकळ्या.
त्या दिवशी दाराचा कागद संपला होता,
तोच खळ लावून चौकटीत चिकटवला.

घरी जाताना भाजीवाल्याला विचारलं, वांगी?
वाटलं होतं, हसेल.
"कोचीची आहेत ना, पॉलीहाऊसमधली. वर्षभर येतात."
एक घेतलं. चार काड्या टोचून
मेकअपच्या आरशापुढं ठेवलं, तोंड दाराकडं.
रोज चेहऱ्याचा पांढरा रंग पुसला की
त्या बाईला त्यावर बसवते. म्हणते, जा आता.

बैल सावकाश चालतो.
तिकीटखिडकी सकाळी साडेनऊला उघडते.
तेवढ्यात तिला जाऊन परत यायचंय.